कानशिलावरचे तीन ठिपके

३ डिसेंबर

आले बाई एकदाची हिंगोलीत! पुण्यात इतकी वर्षं मोठ्या सर्जनांच्या शेजारी उभं राहून चिमटे धरले, रक्त टिपलं, आणि पेशंटच्या फोटोखाली नाव मात्र त्यांचं. इथे तसं नाही. रविंद्र सरांचं हॉस्पिटल वाशीम रस्त्यावर, कनेरगाव नाक्याच्या अलीकडे आहे. खाली ऑपरेशन थिएटर, वर माझी खोली, समोर ढाबा आणि त्यामागे हरभऱ्याची शेतं. सर भाजलेल्यांचे आखडलेले हात सरळ करतात, जड दागिन्यांनी फाटलेल्या कानाच्या पाळ्या शिवतात. चेहऱ्याचं काम त्यांना जमत नाही, म्हणून मला बोलावलं. म्हणजे इथे चाकू माझा.

गाव काही आवडलेलं नाही, हे आजच लिहून ठेवते. जो तो टक लावून बघतो. नर्स साक्षीने आल्या आल्या विचारलं, मॅडम, एकट्या काहून राहता? मी म्हटलं, दुकटं व्हावं असं कुणी भेटलं नाही. ती हसलीसुद्धा नाही. पण संध्याकाळी खिडकीत बसून ढाब्यावरचं पिठलं-भाकरी खाल्ली, ठेचा असा झणझणीत की डोळ्यांतून पाणी, आणि उगाचच खूश झाले.

८ डिसेंबर

पहिला फेसलिफ्ट मिळाला! मिराबाई, साठीच्या, इथल्याच जिल्ह्यातल्या गोरेगावकडच्या तांड्यावरच्या. सरपंच होत्या, आता जिल्हा परिषदेला उभ्या राहणार आहेत. विरोधक म्हातारी म्हणून हिणवतात, ते त्यांना झोंबलंय. जुना बॅनर टेबलावर पसरला, त्यावरच्या स्वतःच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, हे तोंड पायजे, अन् कुणाला कळायला नको. माझ्या खुर्चीवरून त्यांची नजर अशी फिरली की खुर्चीही त्यांचीच असावी. दोन मिनिटांत आमचं पटणार नाही हे दोघींनाही कळलं.

तरी समजावून सांगितलं. नुसती कातडी ओढली की चेहरा ताणलेल्या पतंगासारखा दिसतो आणि दोन-तीन वर्षांत पुन्हा ओघळतो. मी कातडीखालचा थर सोडवते, तो वर आणि मागे उचलून कानापुढे पक्क्या दोऱ्याने बांधते. कातडी त्यावर फक्त अलगद पसरायची, उरलेली पट्टी कानाच्या कडेने कापायची, टाके कानाच्या घडीत आणि केसांत लपतात. चेहरा ओढल्यासारखा वाटत नाही, झोप झाल्यासारखा वाटतो. आणि टिकतो.

त्यांनी एकच अट घातली. डाव्या कानशिलावर, कानाच्या अगदी पुढे, गोंदणाचे तीन ठिपके आहेत, एकाखाली एक. बाकी सगळं तुमच्या हवाली, पण त्याला हात लावायचा न्हाई, ते माझं न्हाई, माझ्या माणसाचं हाय. नवरा, किसनसिंग, वारून बरीच वर्षं झालीत. मी बरं म्हटलं. शब्द दिला असंच म्हणायला हवं.

१५ डिसेंबर

झालं! उजवी बाजू इतकी सुरेख बसली की रविंद्र सर दारात उभे राहून बघत होते.

डावीकडे कातडी अंदाजापेक्षा जास्त वर आली आणि ते तीन ठिपके नेमके कापायच्या पट्टीत पडले. ठेवायचे तर कातडी सैल सोडावी लागली असती, दोन गाल दोन तऱ्हेचे. माझी पहिली केस! साक्षी मास्कमधून म्हणाली, मॅडम, ते न्हाई कापायचं म्हणल्या होत्या. मी तिला म्हटलं, तू हूक धर. लोक गोंदण काढायला लेझरवाल्यांच्या दारात रांगा लावतात, हिचं फुकटात गेलं. पट्टी कापली आणि जाळायच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली. दुपारी गाडी घेऊन गेली.

टाके घालताना सुई ग्लोव्हमधून माझ्या डाव्या तर्जनीत घुसली. धुतलं, रक्ताच्या तपासण्या दिल्या. बोटावर बारीक काळा ठिपका राहिलाय. गोंदणाचा रंग असणार, जाईल.

२२ डिसेंबर

कानापुढचे टाके काढले. मिराबाईंच्या हातात आरसा दिला. चेहरा असा जमून आलाय की मलाच माझा हेवा वाटला. त्या हसल्या, आणि मग मान वळवून डावा कान बघितला. बोटांनी चाचपलं. पुन्हा चाचपलं.

आरडाओरडा करतील वाटलं होतं, तोंडावर मारायला उत्तरंही तयार होती. त्या हळू बोलल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूने ते गोंदवून घेतलं होतं, त्या घराच्या सगळ्या सुनांना तीच खूण. मरताना किसनसिंग म्हणाला होता, तुझी वेळ भरली की न्यायला मीच येईन, हाक मारीन, तू फकस्त ओ दे, तिकडून तोंड दिसत न्हाई, गोंदण दिसतं. आता तो आला तं कोणाला घेऊन जाईल, असं त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, पुन्हा गोंदवून देते. त्या म्हणाल्या, ते कातडीत ऱ्हात न्हाई बाई, माणसात ऱ्हातं. कापलेला तुकडा मागितला. जळला, असं सांगितलं. मग त्यांचं लक्ष माझ्या बोटाकडे गेलं. बराच वेळ ठिपक्याकडे बघत राहिल्या आणि पैसे पूर्ण देऊन निघून गेल्या.

शब्द मोडला, हे खरंय. वाईट वाटतंय. पण त्याहून जास्त राग येतोय, त्यांचा आणि त्या आरशाचा.

२५ डिसेंबर

बोटावरचा ठिपका गेला. मनगटावर आलाय. एक नाही, तीन. एकाखाली एक.

घासले, स्पिरिटने पुसले. सर म्हणाले, रंग पसरला असेल. रंग असा रांगेत पसरत नाही, आणि बोट रिकामं ठेवून तर नाहीच. हे त्यांनाही माहीत आहे. मला बघून त्यांनी बाही खाली ओढायला सांगितली, पेशंट घाबरतील म्हणे.

२८ डिसेंबर

कोपर, दंड, आज खांदा. माझ्याच कामाची दिशा धरलीय ठिपक्यांनी, वर आणि मागे.

दुपारी साक्षी वर आली. बाहेरच्या बाकावर एक म्हातारा बसून राहिला, म्हणाली, पांढरं पागोटं, पायात काही न्हाई. त्याची बायको इथं हाय म्हणतो. नाव विचारलं तं सांगत न्हाई, कानशिलाला तीन ठिपके हायेत इतकंच म्हणतो. मी हाकलायला सांगितलं. साक्षी म्हणाली, हाकललं, पुन्हा बसला.

बाबा लहानपणी सांगायचे, भूत दिसलं की पळायचं नाही, जवळ जाऊन बघायचं, झुडूप निघतं. आमच्या घरात अंगारा नाही, उतारा नाही, असल्या गोष्टींना थारा नाही. मी खाली गेले. दिवसाउजेडी, पेशंटची गर्दी असताना, त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. झुडूप नव्हतं. त्याने मान वर केली आणि माझ्या चेहऱ्याकडे नाही, खांद्याकडे बघितलं. मग शहाण्या माणसासारखा थांबून राहिला. अजून वर यायची वाट बघत असावा.

३० डिसेंबर

मिराबाई कानामागचे टाके काढायला आल्या. जीपमधून उतरल्या आणि बाकासमोर थबकल्या. मी दारातून सगळं बघितलं.

त्यांनी डोक्यावरचा पदर मागे सारला, चेहरा पुढे केला. मी केलेला चेहरा, तरणाताठा, त्याने नांदवलेल्या दिवसांतला. किती वेळा नाव सांगितलं, किती हाका मारल्या. त्याने डाव्या कानशिलाकडे बघितलं आणि म्हणाला, बाई, जरा बाजूला व्हा, माझी बायको आत हाय.

मिराबाई रडल्या. चेहरा रडताना सुद्धा सुंदर दिसत होता, कुठेही ओढ नाही. रडता रडता त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं आणि हळूहळू रडणं थांबलं. त्यांना काय कळलं ते मलाही त्याच क्षणी कळलं. तो उगाच आलेला नाही. वेळ भरल्याशिवाय तो येणारच नव्हता. वेळ त्यांची भरली होती, आणि खूण माझ्याकडे आहे.

टाके न काढताच त्या जीपमध्ये बसल्या.

२ जानेवारी

मानेवर आलेत. ओढणी गुंडाळून बसते. साक्षीने रजा घेतली. सर म्हणतात, नांदेडला घरी जाऊन या.

गेले होते स्टँडवर. बसमध्ये बसले. मागच्या सीटवर पांढरं पागोटं—

उतरले. चालत परत आले. तो बाकावर आधीच—

४ जानेवारी

कानशिलावर. डाव्या. एकाखाली एक.

मिराबाईंना फोन केला. पाया पडते म्हटलं, तुम्ही त्याला सांगा, मी तुमची कोणी नाही. मागे स्पीकर वाजत होता, घोषणा चालल्या होत्या. त्या म्हणाल्या, त्याला मी दिसत न्हाई बाई, तुमीच तर तसं केलं. माझी निवडणूक हाय. आता ते तुमचं, सुखानं नांदा.

५ जानेवारी

आरसा. भुलेचं इंजेक्शन स्वतःच दिलं. पट्टी आखली. कापलं.

ठिपके सरकले. पात्याच्या पुढे, गालाकडे. पुन्हा कापलं. पुन्हा सरकले. खोल गेले असणार मी, खाली चेहरा हलवणारी नस असते, मला माहीत होतं, तेच तर सगळ्यात आधी शिकवतात. डावी भुवई उचलत नाही. डोळा मिटत नाही.

हात दाखवून अवलक्षण. बाबा असते तर म्हणाले असते—

पट्ट्या तीन कापल्या. एकीवरही ठिपका नाही. आरशात मात्र तिन्ही जागच्या जागी.

६ जानेवारी

सकाळ. जिन्यावर अनवाणी पावलं. ऊन चांगलं पडलंय. समोर ढाब्यावर रेडिओ. सगळं चालू आहे आणि कोणी वर येत नाही—

माझं नाव ऐश्वर्या. माझं नाव ऐश्वर्या. नांदेड. बाबा शाळेत—

हात सारखा डोक्याकडे जातो. पदर सावरायला. मी साडी नेसत नाही. नेसलेली नाही—

दाराशी आहे. ठोठावत नाही. त्याला घाई नाही.

आत्ता हाक मारली. मिरा, म्हणाला. किती मायेने—

माझं नाव ते नाही. माझं नाव

दुसरी हाक. तोंड दाबून धरलंय. डावी बाजू ऐकत नाही, ओठ आपोआप—

तिसऱ्या हाकेला मी ओ दि