शेळी बघायला गेलो आणि उमेदवार बघून आलो

झरी, जि. परभणी
जयंतीचा मंडप अजून सुटायचा आहे, १९७९

ती. कुसुमआत्यास विशाखाचा सविनय जयभीम.

आत्या, माणूस चांगला आहे की नाही हे कसं ओळखायचं? मी राज्यशास्त्र घेऊन बी. ए. झाले, लोकशाहीवर पानंच्या पानं लिहिली, आणि या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना "हिला शिकवून काय उपेग झाला" असं तू म्हणणार नाहीस. (म्हणशीलच. पण हळू म्हण, मामा ऐकतील.)

तुझा गुडघा कसा आहे? दवाखान्यात दाखवलास की अजून एरंडाच्या पानावरच भागवतेस? मामांचा खोकला बिडीमुळे आहे असं डॉक्टर म्हणाले होते, तर मामांनी बिडी सोडली की डॉक्टर सोडला, तेही कळव. इकडे सगळे खुशाल आहेत. दादा (म्हणजे तुझा भाऊ, माझे वडील, मामा वाचतील म्हणून खुलासा) कोपऱ्यावर बसून निवडणुकीच्या गप्पा मारतात आणि घरी येऊन थकतात.

निवडणूक पंचायत समितीची आहे. बोरगावचे भगवानराव उभे राहणार म्हणून वस्तीत येऊन गेले. आपल्यातलेच आहेत, पायात साध्या वहाणा, बोलणं कमी. दादांनी चहा संपायच्या आत शब्द देऊन टाकला, "आमचं घर तुमच्या घरामागं." इथवर ठीक होतं. पण दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या बाया पाण्याहून येता येता आमच्या दारात थांबल्या आणि चांगुणाबाई म्हणाल्या, "इशाखा, आता तू सांगशील तिथं शिक्का. मागच्या बारीला गड्यांनी सांगितला तिथं मारला, अन् अजून घागर घिऊन दुसऱ्याच्या इहिरीवर हुभ्या हाव." तुला आठवत असेल, मागच्या वेळी निवडून आलेल्या साहेबांनी आपल्या वस्तीत विहिरीच्या जागेवर नारळ फोडला होता. नारळ फुटला, पाणी काही फुटलं नाही. तिथं आता पोरं गोट्या खेळतात. आपल्या बाया अजून पलीकडच्या विहिरीच्या कट्ट्याखाली उभ्या राहतात आणि कुणी वरून ओतलं तर पाणी मिळतं.

आत्या, ही परीक्षा वेगळी होती. मी चुकले तर माझे मार्क जाणार नव्हते, त्यांचं पाणी जाणार होतं. म्हणून ठरवलं, की आधी माणसाची चौकशी करायची, मग सांगायचं.

शेजारच्या सरजाबाई सोबतीला आल्या. त्यांना अशा कामाचा अनुभव आहे असं त्या म्हणाल्या. (कशा कामाचा, हे मी विचारलं नाही. तिथंच घोळ झाला.) वाटेत त्यांनी मला शिकवलं, की गावात शिरल्याबरोबर चौकशीला आलो असं सांगायचं नसतं. सहज आलो म्हणायचं. अगदीच विचारलं तर शेळी बघायला आलो म्हणायचं. मग घराचं, माणसाचं, एकेक हळूच काढायचं. मला हे फार शास्त्रीय वाटलं.

बोरगावात लिंबाखाली चार बाया बसल्या होत्या. मधल्या म्हाताऱ्या, तानुबाई, त्यांनी विचारलं, "कोन गाव?" सरजाबाई म्हणाल्या, "झरी. सहज आलाव. भगवानरावाची शेळी इकायची हाय म्हनं." आत्या, काय सांगू, त्या 'सहज' शब्दाबरोबर चौघींच्या माना एकदम वर झाल्या. एकीनं मला बसायला घोंगडी टाकली, दुसरी चहा ठेवायला पळाली. तानुबाईंनी माझं आडनाव विचारलं, आजोळचं आडनाव विचारलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि समाधानानं म्हणाल्या, "जमतंय." मला रागच आला. लोकशाहीत आडनावाचं काय काम? पण चौकशीला आलेल्या माणसानं वाद घालू नये म्हणून गप्प बसले.

मग मी एकेक विचारायला लागले आणि उत्तरं अशी आली की मी थक्क झाले. दारू? "नाव काढू नगं, शिंदीच्या झाडाखालून सुदिक जात न्हाईत." भांडण? "त्यांना भांडान येतच न्हाई." घरी कसे? "बायकोच्या शबदाभाईर न्हाईत. लय सुखाचं घर हाय, पोरी." दारातून माणूस उपाशी जात नाही. खोटं बोलत नाहीत, इतके की स्वतःची शेळी विकताना गिऱ्हाइकाला तिची खोड आधी सांगतात. आणि घरची बाई, रुख्मिणीबाई, फार खंबीर; दुष्काळात सरकारी टँकर वरच्या आळीतूनच परत जायचा, तो त्यांनी वस्तीत आणला. मी मनातल्या मनात वस्तीतल्या सगळ्या बायांचे शिक्के मारून मोकळी झाले. असा उमेदवार सगळ्या मराठवाड्यात नसेल! एवढ्यात तानुबाई म्हणाल्या, "पोरी, ती घागर जरा रांजनात वत." मी ओतली. (निम्मी रांजणात, निम्मी माझ्या पायांवर.) चौघींनी एकमेकींकडं बघितलं आणि एक जण दयेनं म्हणाली, "शिकलेली हाय. चालायचंच."

शेवटी मी मुद्द्यावर आले आणि विचारलं, की आमच्या वस्तीतल्या विहिरीबद्दल भगवानरावांचं काय म्हणणं आहे? तानुबाईंना ते काही पटलं नाही. "आगं, पोराचं सोडून बापाचंच काय इचारायलीस? पोरगा वालूरला मास्तर हाय, त्याचं इचार की!"

"कोणता पोरगा?" मी म्हणाले.

सरजाबाई वर लिंबोळ्या मोजायला लागल्या. (नंतर त्या म्हणाल्या, की माझं आडनाव विचारलं तेव्हाच त्यांना सगळं कळलं होतं, पण चहा यायचा होता.) सोयरिकीच्या चौकशीची हीच पद्धत आहे म्हणे: सहज यायचं, शेळी बघायची, घराचं विचारायचं. फक्त स्वतः मुलगीच चौकशीला आलेली बोरगावानं पहिल्यांदा पाहिली.

मी तोंड लाल करून सांगितलं, की मी सोयरिकीसाठी नाही, मतासाठी आले आहे. तानुबाईंनी कपाळावर हात मारला. "आत्ता गं बया! मग आधी सांगायचं न्हाई व्हय? सोयरिकीत कुनाची खोट सांगितली तर पाप लागतंय. मताला कशाचं पाप?" आणि त्याच चार तोंडांतून, त्याच चहाच्या कपांवरून, तोच माणूस पुन्हा बाहेर आला, पण चिखलात लोळून आल्यासारखा. भगवानराव? बायकोचा बैल! ती म्हणंल तिकडं मान. भांडायला तोंड लागतं, ते ह्या माणसाला हायच कुठं? त्याचं घर म्हणजे धर्मशाळा, येईल त्यानं गिळावं. आणि व्यवहार? बाजारात शेळी नेतो आणि गिऱ्हाइकाला तिची खोड सांगून परत घेऊन येतो, असला खुळा. अन् ती बाई? बाई हाय का फौजदार? टँकरच्या म्होरं आडवी बसली, डायवरला भाकर खाऊ दिली न्हाई, वस्तीत पाणी वतल्याबिगर हालली न्हाई!

मी परतीला निघायच्या ऐवजी तिथंच बांधावर बसले. सोयरीक म्हटलं की सगळे गोड बोलतात, मत म्हटलं की सगळे वाईट बोलतात, मग खरं कुठल्या चौकशीत बोलतात? आणि आत्या, तेव्हा मला एक गंमत दिसली. दोन्ही वेळा विशेषणं बदलली होती, गोष्टी बदलल्या नव्हत्या. शेळीची खोड दोन्ही वेळा सांगितलेलीच होती. दारात आलेला माणूस दोन्ही वेळा जेवलेलाच होता. टँकर दोन्ही वेळा वस्तीतच रिकामा झाला होता. विशेषणं खोडली की जे उरतं ते खरं. (हे कुठल्या पुस्तकात नाही. मी शोधलं. सरजाबाई म्हणतात, त्यांना माहीत होतं. चहाचं आणि आडनावाचं माहीत होतं, तसंच असेल.)

पण विशेषणं खोडल्यावर जे उरलं त्यात भगवानराव थोडेच होते. टँकरपुढे बसल्या रुख्मिणीबाई. येणाऱ्याला जेवू घालतात त्या. घरात शब्द चालतो तोही त्यांचाच. मग मी चौकशी नेमकी कुणाची करत होते?

शेळी बघितल्याशिवाय परत जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून त्यांच्या घरी गेलो. बातमी आमच्या आधी पोचली होती, आणि ती पहिली बातमी, सोयरिकीची. रुख्मिणीबाई नवं लुगडं नेसून दारात उभ्या होत्या. भगवानरावांना मात्र कुणी काही सांगितलेलं दिसलं नाही, कारण त्यांनी सरळ शेळी सोडून आणली आणि म्हणाले, "दूध बख्खळ देती. पर धार काढताना लाथ मारती. मागून सांगितलं न्हाई म्हनू नगा." त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यात लांब भाषण. सरजाबाईंनी तीच शेळी ठरवली.

रुख्मिणीबाई मला आत घेऊन गेल्या. त्या विचारतात, भाकरी थापता येते का. मी विचारते, टँकरपुढं बसताना भीती नाही का वाटली. त्या म्हणतात, चार माणसांचं घर हाय, जमंल का. मी म्हणते, आमच्या वस्तीत विहीर, जमेल का. बराच वेळ असं चाललं. मग मी सगळं खरं सांगितलं, लिंबाखालच्या दोन्ही चौकशांसकट, आणि शेवटी म्हणाले, "मावशी, सगळं गाव तुमच्याबद्दल बोलतंय. मग फॉर्मवर नाव मालकांचं का?"

त्या चुलीपुढून माझ्याकडं वळल्या. मग म्हणाल्या, "सून व्हायच्या आधीच सासूला घराभाईर काढायलीस व्हय गं?"

मी म्हणाले, मी सून व्हायला आले नाही. त्यावर त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि विचारलं, "इहीर कुठं धरली होती? नारळ फोडला ती जागा? तिथं पानी न्हाई लागायचं. खाली वढ्याच्या अंगाला घ्या." आत्या, आमच्या वस्तीत उमेदवार पुष्कळ आले. विहीर कुठं धरली हे विचारणारं हे पहिलं माणूस.

बाहेर येऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं, की फॉर्म आता त्या स्वतः भरतील. भगवानरावांच्या हातातून शेळीचा कासरा गळाला. "म्हंजी मला भाषन करावं लागनार न्हाई?" असं त्यांनी विचारलं, आणि 'नाही' म्हटल्यावर त्यांचा चेहरा निवडून आल्यासारखा दिसायला लागला. त्यांचा मुलगा सूर्यभान सुट्टीला घरी होता. त्यानंच आम्हाला पाणी दिलं होतं. तो हसून म्हणाला, "शेळीची चौकशी झाली, बाबांची झाली, आईची झाली. माझी कधी करणार?" पण खरंच आत्या, सगळं गाव ज्याची चौकशी माझ्या गळ्यात घालत होतं, त्याच्याबद्दल मी एकही प्रश्न विचारला नव्हता.

बुधवारी परभणीला जाऊन फॉर्म भरला. उमेदवार रुख्मिणीबाई. सूचक म्हणून खाली माझी सही आहे. यंदाच यादीत नाव आलंय, आणि मत द्यायच्या आधी सहीच कामाला आली. दादा आधी चिडले, म्हणाले, मी शब्द दिला होता. मी म्हटलं, तुम्ही घराला दिला होता, घर तेच आहे. आता चांगुणाबाई दारोदार सांगत फिरतात, "इहिरीची जागा इचारनारी बाई हाय." निवडून येतील का, ते मला सांगता येत नाही. कट्ट्याखाली उभ्या राहणाऱ्या बाया मात्र आता पाण्याला जाताना ओढ्याच्या अंगानं, ती जागा बघत जातात.

मामांना जयभीम. गुडघा जप.

तुझी,
विशाखा

ता. क. — शेळी लाथ मारते. म्हणजे भगवानराव खरं बोलले.

ता. क. २ — एक काम आहे, आणि खरं म्हणजे पत्र त्यासाठीच लिहिलं. तू वालूरच्या बाजाराला जातेसच. तिथं सूर्यभान मास्तरांची जरा चौकशी कर. पण 'सहज आले' असं चुकूनही म्हणू नकोस, नाहीतर सगळे गोड बोलतील. त्यांची आई निवडणुकीला उभी आहे म्हणून विचारते, असं सांग. मग दुसऱ्या बाजाराला सोयरिकीची म्हणून पुन्हा कर. दोन्ही वेळचं जसंच्या तसं लिहून पाठव. विशेषणं मी इथं खोडते.

ता. क. ३ — दादांना यातलं काही माहीत नाही. ते तूच सांग. तू सांगितलंस की ते ओरडत नाहीत.

ता. क. ४ — चौकशीची घाई करू नकोस, गुडघा सांभाळून जा. मास्तरांना होकार मी बुधवारीच दिला, फॉर्म भरून झाल्यावर, कचेरीच्या व्हरांड्यात.