पाइपाचा सिद्धान्त

७ जानेवारी

सौ. गृहस्वामिनी, सध्या मुक्काम माहेर, यांसी सप्रेम न. वि. वि.

आपल्या न्हाणीघरात बंडाळी माजली आहे, हे कळवताना अत्यंत खेद होतो. बंडखोर म्हणजे माझा टॉवेल. एकोणीस हिवाळे हा गृहस्थ रोज सकाळी मला कोरडा आणि ऊबदार भेटत आला. यंदा तू नाहीस आणि तो ओला, गार आणि तिऱ्हाइतासारखा वागतो.

माझा सिद्धान्त तुला ठाऊकच आहे: दांडीमागून गीझरचा गरम पाइप जातो, म्हणून टॉवेल वाळतो. वर्गात अनुमान शिकवताना हेच उदाहरण देत आलो. पाइप जागेवर, गीझर चालू, मग टॉवेल ओला का? शेवटी प्लंबर बोलावला. त्याने पाइपाला हात लावला, माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि हा गार पाण्याचा पाइप आहे असं सांगितलं. वर चहाही घेतला नाही.

तेव्हा विजेवर टॉवेल गरम करणारं यंत्र घ्यावं म्हणतो. त्यात दोन जाती: भिंतीत ठोकायचं ते स्थावर, पायांवर उभं राहतं ते जंगम. चार दांड्यांचं एका टॉवेलापुरतं, आठ दांड्यांचं दोघांना. तुझं मत कळव.

आईंचा पाय कसा आहे? भिंत धरून चालतात असं मागे लिहिलं होतंस. आता भिंत सोडली का? सहज विचारतो, हेतू काही नाही.

लोभ आहे तो ओलाच राहू दे, वाळवायची सोय इथे नाही.

तुझा,
गारठलेला

१५ जानेवारी

पंडितजींना सा. न. वि. वि.

प्लंबरचं आईला वाचून दाखवलं. हसता हसता तिने भिंत सोडली. आता कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत एकटी जाऊन येते.

पाइप गार आहे हे मला पहिल्यापासून माहीत होतं. तुम्ही खिडकीत दाढी करत असायचात, तेवढ्यात मी टॉवेलवर इस्त्री फिरवून तो दांडीवर टाकायची. पहिल्या हिवाळ्यात तुम्ही माझ्या भावाला पाइपाचं इतकं कौतुक सांगितलंत की मला तुमचा सिद्धान्त मोडवेना. पुढे वाटायचं, कधीतरी यांच्या लक्षात येईल. मग तसं वाटायचंही थांबलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते हे तुम्ही जगाला शिकवता. हिवाळाभर इस्त्री कपाटाबाहेर का, हे काही तुम्हाला सुचलं नाही.

यंत्र स्थावरच घ्या, जंगमाला तुम्ही अडखळाल. आपोआप बंद होणारं बघा आणि बटण न्हाणीघराबाहेर लावायला वायरमनला बजावून सांगा. तुमच्यापुरतं चार दांड्यांचं पुरे.

बाबांचं बाइंडिंगचं दुकान मी उघडलंय. ते गेल्यापासून बंदच होतं. ग्रंथालयाने दीडशे फाटकी पुस्तकं पाठवली आहेत. हाताला खळ लागली की बरं वाटतं. निघायचं कधी, ते अजून ठरवलेलं नाही.

लोभ आहेच, कधीमधी दिसेल असा ठेवावा.

तुमची,
इस्त्रीवाली

२४ जानेवारी

मायना चार वेळा लिहून खोडला, म्हणून तसाच सुरू करतो.

पाइपाचं उदाहरण वर्गात जाहीरपणे मागे घेतलं. कारणही सांगितलं. पोरं इतकी खूश मी वर्षभरात पाहिली नव्हती. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र हसली नाही. तिने विचारलं, सर, मग बाईंचा टॉवेल कोण गरम करायचं?

घरी येऊन मी इस्त्री काढली आणि टॉवेलवर फिरवून पाहिली. टॉवेल जाड, मनगट भरून येतं. तुझा निळा टॉवेल दाराच्या खिळ्यावर असायचा, आणि खिळ्यावर काय वाळतं हे आता मला कळतं. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर तू पाठवू नकोस.

चार दिवसांपूर्वी दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, घरात माणसं किती. मी बोटांवर मोजायला लागलो, तेव्हा त्याने मला बसायला स्टूल दिलं. तुझा सल्ला मोडून आठ दांड्यांचं घेतलं. स्थावर. बटण बाहेर, तुझ्या हाताच्या उंचीवर. मला जरा वाकावं लागतं. वरच्या चार दांड्यांवर तुझा टॉवेल टाकला आहे. रोज सकाळी दोन्ही गरम होतात. तुझा मात्र कुणाचा हात न लागताच परत गार होतो.

पुस्तकं अर्धी टाकून ये असं म्हणणार नाही. मागच्या खोलीतली माझी जुनी मासिकं मात्र बाहेर काढली आहेत. बाबांच्या बाइंडिंगच्या दाबयंत्राचा सांगाडा तिथे मावेल का, ते मापून कळव. नसेल कळवायचं तर नको.

आईंचा पाय बरा झाल्याचा आनंद मला हवा तेवढा होत नाही, हे त्यांना सांगू नकोस. पायासाठी तू तिथे होतीस तोवर मी निर्धास्त होतो. आता तू तिथे आहेस ती तुला बरं वाटतं म्हणून. इथे तुला बरं वाटायचं का, हे मी कधी विचारलंच नाही. तू परत येणार नाहीस अशी मला भीती वाटते.

तुझा