मंजिष्ठेचा न सुटणारा रंग

अप्पा, गेल्या आठवड्यात माझ्या प्रयोगशाळेत जे घडले ते तुमच्याखेरीज कोणाला पुरते कळेल असे मला वाटत नाही, म्हणून हे लिहितो आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षे लोटली की मंडी मोहल्ल्यात आपला कापड रंगवण्याचा कारखाना होता तेथे आता मोबाइलचे दुकान आहे. तेथून जाताना मला अजूनही उकळत्या मंजिष्ठेचा मातकट वास येतो. तो येणे शक्य नाही, हे मला माहीत आहे. तुमची सून गेल्या वर्षी वारली. खरे तर हे वाक्य सर्वांत आधी लिहायला हवे होते. ते तिसऱ्या-चौथ्या ओळीपर्यंत लांबले, याबद्दल क्षमा असावी.

मी काय करतो, हे तुम्ही हयात असताना मला कधी समजावून सांगता आले नाही. तेव्हा मी नुकताच शिकवू लागलो होतो आणि तुम्ही पाहुण्यांना सांगत असा, "पोरगा प्लास्टिकचं काहीतरी शिकवतो." आता मी अतिशय सूक्ष्म तंतूंचे पापुद्रे तयार करतो. पाण्यात विरघळणारा एक पॉलिमर घ्यायचा, त्यात वनस्पतीचा अर्क मिसळायचा, ते द्रावण सुईतून हळूहळू सोडायचे आणि सुईला मोठा विद्युतदाब द्यायचा. टोकावरचा थेंब ताणला जातो, त्यातून डोळ्यांना न दिसणारा धागा निघतो आणि समोर फिरणाऱ्या पिंपावर थरावर थर बसतात. दसऱ्याच्या प्रदर्शनात तुम्ही मला म्हातारीचे केस घेऊन देत असा, जवळजवळ तसेच. फक्त धागा त्याहून कितीतरी बारीक. असा पापुद्रा जखमेवर ठेवला तर हवा खेळती राहते आणि आतले औषध सावकाश जखमेत उतरते. औषध म्हणून मी मंजिष्ठा निवडली. का निवडली असे सहकारी विचारत, तेव्हा मी शास्त्रीय कारणे देत असे. ती खरीच आहेत. पण आपल्या घरात तो तांबडा रंग कोणाच्याच नखांतून कधी गेला नाही, हेही तितकेच खरे आहे.

तुम्हाला तो शिंपी आठवत असेल, ज्याच्या घरी लग्न होते. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात होतो. नवरदेवाचे तांबडे उपरणे न्यायला तो दुपारीच आला आणि तुम्ही जेवायला गेला आहात असे पाहून मी ते त्याच्या हाती दिले. तुम्ही वाटेत त्याला गाठता, उपरणे काढून घेता, "नाळे बन्नी, उद्या या," असे कन्नडमध्ये सांगता आणि आत येऊन माझ्याकडे न पाहता एक पांढरी चिंधी भिजवता. ती उपरण्याभोवती गुंडाळून दगडाखाली ठेवता. सकाळी चिंधी पांढरी राहिली तरच कापड दाराबाहेर जाणार, हा आपला रिवाज. "गिऱ्हाईक रडलं तर रडू दे," तुम्ही म्हणालात. "कापड रडता कामा नये." एवढेच. दुसऱ्या दिवशी चिंधी पांढरीशुभ्र निघाली, तरी तुम्ही मला बरोबर होतास असे म्हटले नाहीत.

तुमच्या सुनेच्या टाचेला जखम झाली ती साध्या चपलेने. मधुमेह होता; ती भरेना. त्या सुमारास माझे पहिले पापुद्रे पाण्यात पडताच विरघळत असत, म्हणून मी ते ग्लुटाराल्डिहाइड नावाच्या रसायनाच्या वाफेत धरून पक्के केले. आता ते पाण्यात टिकले आणि रंगाचा एक कणही सुटला नाही. मी तांबडी चकती काचेच्या बशीत पाण्यासह घरी आणून तिला दाखवली. पाणी स्वच्छ होते. मला तुमची आठवण झाली, आणि अभिमान वाटला. ती स्वयंपाकघरात पाय स्टुलावर ठेवून अवरेच्या शेंगा सोलत बसली होती.

"काय हो," ती म्हणाली, "सगळ्या जगाच्या जखमांसाठी करताय. घरातली जखम जगात येत नाही होय?"

"अजून चाचणी व्हायची आहे."

"मग करा की. रंगाऱ्याच्या घरची सून आहे मी. चिंधी म्हणून मलाच बांधा."

ती हसत होती. मी म्हणालो की अशा गोष्टी थट्टेवारी नेऊ नयेत. "होगली बिडी," ती म्हणाली, "राहू द्या, मास्तरांचा तास सुरू झाला," आणि शेंगांकडे वळली. तिने पुन्हा कधी तो विषय काढला नाही. पुढे जखम चिघळली, विष रक्तात भिनले आणि इस्पितळातून ती परत आली नाही.

तेव्हापासून एकच प्रश्न माझ्याबरोबर जेवायला बसत आला. ती चकती मी बांधली असती तर? उरलेल्या चकत्या प्रयोगशाळेत कोरड्या काचपात्रात पडून होत्या. तपासून पाहणे सोपे होते, आणि नेमके तेच माझ्याने होईना. त्या गुणकारी ठरल्या असत्या तर पुढचे आयुष्य कसे काढायचे, या धास्तीने मी काचपात्र उघडतच नव्हतो. दरम्यान माझ्या हाताखाली संशोधन करणाऱ्या मुलीने पापुद्रे पक्के करण्याची दुसरी रीत बसवली: सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबातला आंबटपणा, आणि मंद आच. नव्याची परीक्षा जुन्याशी तुलना करूनच घ्यायला हवी, असे ती म्हणाली. शास्त्रदृष्ट्या तिचे म्हणणे बिनतोड होते. मी काचपात्र तिच्या हवाली केले आणि निकाल येईपर्यंत तिच्या टेबलाकडे फिरकलो नाही.

ती माझ्या खोलीत आली तेव्हा चेहरा पाडूनच. "सर, जुनी बॅच पूर्ण फेल आहे. चकतीभोवती बशीत वाढवलेल्या सगळ्या पेशी मेल्या. त्या वाफेचा अंश आतच राहिलाय. आणि मंजिष्ठा तर बाहेर येतच नाही, अडकूनच बसलीय. सॉरी सर. तुम्ही एवढे कष्ट घेतले होते."

मी तिला पुन्हा सांगायला लावले. तिने पुन्हा सांगितले, अधिक हळू आवाजात.

"म्हणजे जखमेवर ठेवली असती तर?"

"जखम वाढलीच असती सर. कमी नक्की झाली नसती." मग ती घाईने म्हणाली, "सर, कूतकोळ्ळी, बसा ना. पाणी आणते." मी उभा राहिलो होतो हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. माझे डोळे भरलेले पाहून ती बिचारी माझ्या वाया गेलेल्या श्रमांचे सांत्वन करू लागली: नवी बॅच किती चांगली आहे, पेशी अगदी कडेपर्यंत कशा वाढल्या आहेत. मी म्हणालो, "उत्तम काम केलंस." बशीतल्या पेशींवरून माणसाच्या टाचेविषयी ठाम विधान करता येत नाही, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो. त्या दुपारी मात्र ते विधान मी निमूटपणे स्वीकारले.

आणि अप्पा, दुसरी गोष्ट तुम्हीच समजू शकाल. रंग सुटला नाही म्हणून मी चकती उत्तम समजलो. प्रयोगशाळेतला दुसरा कोणीही असे समजला नसता. हे रंगाऱ्याच्या मुलालाच सुचावे. आपल्याकडे न सुटणारा रंग म्हणजे इभ्रत. जखमेला मात्र सुटणाराच रंग हवा, थोडाथोडा, दिवसभर. नवी चकती मी पाण्यात ठेवून पाहिली. पाणी सावकाश गुलाबी झाले. जन्मभराच्या सवयीने हात चकती बाहेर काढायला पुढे झाला, आणि मग मी तेथेच उभा राहून बराच वेळ ते पाहत राहिलो.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी स्वतःच भात लावला आणि दोनदा वाढून घेतला. पुष्कळ दिवसांनी अन्नाला चव होती.

हे पत्र कोठे पाठवायचे नाही, हे उघडच आहे. खरे तर यातला मजकूर तिला सांगायचा. पण तिला सांगायला बसलो तर ती आधी माझा चेहरा पाहील आणि विचारील, "म्हणजे चकती बांधली नाही ते तुमचंच बरोबर ठरलं. बरं वाटलं का हो?" आणि मला हो म्हणावे लागेल. तुम्ही असले काही कधी विचारले नाही, म्हणून तुम्हाला लिहिले.