टिनाच्या छपराखालचा फोन

बालाघाट

प्रिय नूतनताई,

तुझ्या सासरी टपाल आधी कोण उघडते, मले मालूम आहे. म्हणून हे पत्र पाठवणार नाही. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

यंदा माझ्या समुपदेशन केंद्राच्या दारावर मी नियम लावला: 'जोराचा पाऊस असला तर येऊ नये, फोनवर बोलू.' घाटावरच्या उकवा गावाहून एक बाई येते, खरं तर तिच्यासाठीच. घाटात बस अडकली तर ती घरी कशी पोहोचणार? पण तीच नाराज झाली. "मॅडम, फोनवर काय बोलू? सासू बाजूलेच बसते."

खरं होतं. फोनवर ती 'हौ, ठीक आहे'च्या पुढे कधी गेलीच नव्हती. मी नियम काढूनच टाकणार होती.

मंगळवारी धो धो पाऊस लागला आणि तिचाच फोन आला. मागे टिनाच्या छपरावर असा आवाज, की मलेच कान देऊन ऐकावं लागलं. पहिल्यांदा ती भडभडा बोलली, रडलीही. शेवटी म्हणाली, "मॅडम, नियम राहू द्या. टिनावर पाऊस वाजते तेव्हा सासूले काहीच ऐकू येत नाही."

ताई, मी दर रविवारी तुले फोन करते. तू म्हणते, "हौ, सगळं ठीक आहे."

तुझ्यासाठी वारासिवनीचं स्थळ पाहून आले, तेव्हा बाबा किती खूश होते! पोरीच्या सासरच्या घरावर पक्का स्लॅब आहे म्हणे.

त्या स्लॅबखाली तू कधी बोलशील?

कान देऊन बसलेली तुझी,
मयुरी