व्होल्टमीटरमधला लोखंडाचा कण

सातारा, रविवार, मार्च १९४७

युद्धात सरकारजमा झालेला माझा बिनतारी संच परत मिळाला, पण त्याच्या व्होल्टमीटरचा काटा अडकलेला. आत चुंबकापाशी लोखंडाचा बारीक कण. चिमटा नेला की चुंबक चिमट्यालाच ओढी. शेजारची तार केसाहून बारीक. तुटली तर? तीन दिवस हात लावायला धजलो नाही.

आज आमच्या हिने पाहिलं. “आवं, लोखंड कशाला? सरका जरा.” बाभळीच्या काट्याला मेण लावून तिने तो कण अलगद उचलला. केसाहून बारीक तार हललीसुद्धा नाही! बॅटरी जोडताच मीटरचा काटा सहा व्होल्टवर गेला.

“भीती नाही वाटली?”

“पोरांच्या पायातलं काटं काढताना कवा भ्याले व्हय?”

तो बाभळीचा काटा मी चिमट्याशेजारी जपून ठेवला.