खिळ्यावरची रोटी

३ ऑक्टोबर, सकाळ
मस्तूरा बुखाऱ्याला बहिणीकडे गेली. घरात शांतता. आता कोश पुरा करायचाच. ऐकायला एक, पण भाषेगणिक अर्थ वेगळा, अशा शब्दांचा. सुरुवात 'बोर'पासून. आमच्या उझ्बेकीत 'आहे', ताजिकीत ओझं, रशियनमध्ये पाइनचं रान. मागे समरकंदात आलेला एक पुणेकर म्हणाला, त्यांच्याकडे फळ, शिवाय कंटाळा. तो दुसरा अर्थ मस्तूराला आधीच ठाऊक होता म्हणे.

जाताना बायकोची टकळी चालूच. रोज ताजी रोटी आणा, खिळ्यावरच्या रोटीची धूळ पुसा. ती इल्होमची. पोरगा रशियात कझानला कामाला निघाला तेव्हा एक घास घेतलेला. उरलेली परत येऊन त्यानेच खायची, म्हणजे माणूस सुखरूप परततो. मला ठाऊक नाही का? मी काय कुक्कुलं बाळ आहे?

५ ऑक्टोबर
रोटी संपली. विद्वानाने तंदूरपुढे रांग लावायची? उद्या बघू. शेजारच्या करोमत-ओपांनी जेवलात का विचारलं. कामात आहे म्हटलं. त्यांनी परत विचारायला हवं होतं.

६ ऑक्टोबर, दुपार
हंगेरियनमध्ये 'बोर' म्हणजे वाइन! आनंदाच्या भरात चहात रोटी बुडवून खाल्ली. जरा कडक होती.

संध्याकाळ
घरात रोटी नव्हती. मग ही कुठली?
खिळा रिकामा.

७ ऑक्टोबर
घाबरायचं कारण नाही. नवी आणली, उन्हात वाळवली, घास मीच घेतला. कवळी आत रुतली. दुसरी रोटी आणली. तिचा घास उंदराने कुरतडल्यासारखा झाला. रोटी टाकायची नसते, म्हणून पहिली खाल्ली. पोट फुगलंय. दुसरी टांगली. लांबून ठीक दिसते.

८ ऑक्टोबर
इल्होमचा फोन. कामावर शिडीवरून पडला, पाय मुरगळला, आईला सांगू नका म्हणाला. मी शिकलेला माणूस, असलं काही मानत नाही. पण फोन ठेवल्यावर रडू आवरेना.

९ ऑक्टोबर
मस्तूरा आली. आधी भिंतीकडेच गेली. घासावरून बोट फिरवलं आणि विचारलं, अहो, माझ्या इल्होमची रोटी बोर? एवढे अर्थ जमवले, एकही कामी आला नाही. नाही म्हणालो. पायाचंही सांगून टाकलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने ताजी रोटी आणली, माझ्या तोंडाशी धरली. घास घ्या म्हणाली. घेतला. उरलेली तिने खिळ्यावर टांगली. उद्याची कझानची गाडी. पोराला घेऊनच या, मग दोघं मिळून ही संपवा, म्हणाली.

बोचकं बांधून झालंय. त्यात कोशाला जागा नाही.