मेंदूतला बटणाएवढा डाग

कात्रप, गुरुवार, संध्याकाळ

मेहुण्याचा हात हलतोय याचं सकाळी कौतुक चाललं होतं. रमेश कॅम्प दोनच्या बाजारात शिंपीकाम करतो. काल पक्षाघात झाला, मेंदूतली गुठळी काढली, आज डाव्या हाताची बोटं हलली. सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, त्याच्या बहिणीने, नात्यातल्या सगळ्यांना फोन करून टाकले.

दुपारी डॉक्टरांनी नवा सीटी स्कॅन दाखवला. पांढरा डाग, शर्टाच्या बटणाएवढा.

"रक्त आहे?"

"नाही. गुठळी काढताना शिरा दिसाव्यात म्हणून आम्ही औषध सोडतो; हा स्कॅन रक्त आणि ते औषध वेगळं दाखवतो. हे औषध झिरपलंय."

मी हुश्श केलं. तर म्हणतात, "जिथे झिरपतं तो भाग बहुधा मरतो. डाव्या हाताची पकड येणं कठीण आहे."

बटणाएवढा डाग! संस्कृतात एम.ए. केलं, पण 'बहुधा'ला इतका कधी भ्यालो नव्हतो.

आत गेलो. रमेश म्हणाला, "दाजी, तोंड का पाडलंय? अ‍ॅटॅक मला आलाय. काय बोलला डॉक्टर?"

"रक्तस्राव नाही म्हणाले."

"मग सोमवारी बसतो शिलाईला." सुईखाली कापड सरकवतात तशी डाव्या हाताने चादर सरकवून दाखवायला लागला. बोटं हलली, चादर नाही.

मी "झकास" म्हणालो.